कळी घातलेलं वर्तुळ

विब्के हार्टुंगला पुढेमागे गणिताची गोडी लागेल असं कुणी म्हणालं असतं, तर आधी तिचे वडीलच हसले असते. ते ग्योटिंगेनच्या शाळेत लॅटिन शिकवायचे. मुलीचा आवाज स्वच्छ आहे, वाचन न अडखळता होतं, एवढंच त्यांनी विद्यापीठाच्या कचेरीत सांगितलं होतं. १९१८ साली लढाई संपली, त्याला दोन वर्षं होत आली होती. डोळे गमावून परतलेले जवान आता शिकायला आले होते आणि त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवी होती. विब्केला वाटलं, कायदा असेल, फार तर इतिहास. तिच्या वाट्याला आला आर्नुल्फ डिटमार, आणि त्याच्या टेबलावर होती वक्र अवकाशाची भूमिती.

पहिल्याच दिवशी तिच्या नाकी नऊ आले.

"मोठा जी," ती वाचू लागली. "नाही, छोटा. त्याच्या पायाशी दोन बारीक अक्षरं. मग डी एक्स, त्याच्या डोक्यापाशी आणखी एक बारीक अक्षर... हेर डिटमार, हे वाचायचं असतं की नुसतं वर्णन करायचं?"

"दिसतात कशी ती बारीक अक्षरं?"

"कुत्र्याच्या कानाला गोचीड चिकटावेत तशी."

आर्नुल्फ खदाखदा हसला. हातातली ब्रेलची टोचणी त्याने खाली ठेवली, डोळे नव्हते तिथे रुमाल फिरवला आणि म्हणाला, "ठरलं तर मग. वरचा गोचीड आणि खालचा गोचीड. वाचा पुढे."

तसं वाचन सुरू झालं. घरमालकीण फ्राउ नोल्टे स्वयंपाकघरात दोघांना बसू द्यायची, कारण कोळसा मिळत नव्हता आणि अख्ख्या घरात ऊब होती ती तिच्या चुलीपुरती. चिकोरीच्या कॉफीचा वास, भांड्यांचा आवाज, आणि मधे विब्केचा खणखणीत सूर: जी, खालचे दोन गोचीड. फ्राउ नोल्टे शेजारणीला सांगायची, "माझ्याकडे ते दोघं जनावरांचं औषध शिकतात."

दोन आठवडे विब्के अर्थ न कळता वाचत राहिली. मग तिला राहवेना.

"एक विचारू? हे सगळं आहे कशाबद्दल?"

आर्नुल्फने टोचणी बाजूला सारली. मग म्हणाला, "तुम्हाला माझी फजिती सांगतो. मी इथे आलो त्या आठवड्यात एकटाच तटावर फिरायला गेलो."

गावाच्या जुन्या तटावर लिंडनच्या झाडांतून पायवाट होती. संध्याकाळी अर्धं गाव तिथे चालायला यायचं.

"काठी कडेला टेकवत सरळ निघालो. कुठे वळल्याचं पायांना जाणवलं नाही. आधी दवाखान्याचा कार्बोलिकचा वास आला. मग तबेला. मग बागेतल्या काचघराची ओल. मग पुन्हा दवाखाना. म्हटलं, या गावात आजारी माणसं फार दिसतात. मग पुन्हा तबेला, आणि मघासारखाच भुंकणारा कुत्रा. शेवटी एका बाईंना विचारलं, 'बाई, हा रस्ता जातो कुठे?' त्या म्हणाल्या, 'कुठेच नाही. गोल आहे.'"

विब्के हसता हसता थांबली. "पण पाय तर सरळ म्हणत होते."

"पाय खरं तेच सांगत होते. प्रत्येक पावलापुरतं सरळच होतं. तुम्ही तटाचा आकार नकाशात बघता, म्हणजे बाहेरून. मला तो आतून कळला." तो पुढे सरसावून बसला. "माझ्या डोक्यात या गावाचा अख्खा नकाशा नाहीच. तुकडे आहेत. या घरापासून बेकरीपर्यंतचा एक. बेकरीपासून बाजारातल्या कारंज्यापर्यंतचा दुसरा. बेकरी दोन्हींत आहे म्हणून ते एकमेकांना जोडता येतात. एकेक तुकडा साधा, सपाट. सगळे जोडून काय आकार होतो, ते एकट्या तुकड्याला ठाऊक नसतं. जवळून कुठेही बघा तर सपाट, आणि अख्खं बघावं तर काहीही असू शकेल, अशा अवकाशाला हे लोक मॅनिफोल्ड म्हणतात."

"आणि त्याचं करायचं काय?"

"बर्लिनहून जो नवा सिद्धांत आलाय ना, ज्याचा वर्तमानपत्रांत एवढा गाजावाजा चाललाय, तो म्हणतो, आपण सगळेच अशा एका मॅनिफोल्डच्या आत आहोत. बाहेर जाऊन विश्वाकडे बघायची सोय कुणालाच नाही. सगळ्यांनीच चाचपत जायचं." तो मिश्कील हसला. "म्हटलं, या कामाचा आपल्याला सराव आहे."

त्या दिवशी घरी गेल्यावर विब्केला वडिलांच्या शाळेतल्या लॅटिनच्या वह्या तपासून द्यायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

भूमिती शिकवणारे प्रोफेसर हासेलब्रिंग यांचं मत मात्र वेगळं होतं. माणूस भला. आर्नुल्फचा हात धरून त्यांनी स्वतः त्याला खुर्चीवर बसवलं. विब्के भिंतीपाशी उभी राहिली.

"हेर डिटमार, तुमच्यासारखे बाकीचे सगळे कायद्याला गेलेत. कायदा ऐकून शिकता येतो. भूमितीला चित्र लागतं. मी फळ्यावर काढणार आणि तुम्ही..."

"मी तेवढा वेळ फळ्याकडे पाठ करून बसेन, प्रोफेसर."

हासेलब्रिंग हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. "नाताळनंतर सेमिनारमध्ये बोला," ते म्हणाले. "विषय: अवकाशाचा वाकडेपणा आतून कसा ओळखावा. जमलं तर राहा. नाही जमलं तर माझं ऐका."

अर्धं काम सोपं होतं. चेंडूसारखा वाकडेपणा आर्नुल्फला हातात धरता यायचा. चेंडूवर एका जागेपासून दोरी ताणायची, तिचं दुसरं टोक गोल फिरवायचं आणि त्या गोलाचा घेर मोजायचा. सपाट जमिनीवर घेर दोरीच्या सहापटीहून जरासा जास्त भरतो. चेंडूवर तो कमी भरतो. बाहेर जायची गरजच नाही. चेंडूवरच्या मुंगीलाही हे कळेल. पण पुस्तकात दुसरा वाकडेपणा होता, तिथे घेर जास्त भरत होता. असा पृष्ठभाग असतो तरी कसा? पुस्तक म्हणे, 'आकृती पाहा.' विब्के आकृती पाहायची आणि तिला सांगता यायची नाही.

"इकडून वर जातं, तिकडून खाली... लाटेसारखं. नाही, लाटेसारखंही नाही."

"फ्रॉइलाइन हार्टुंग, तुम्ही मला बुडवणार."

डिसेंबरात वाचन अडलं ते अडलंच. आर्नुल्फ चिडचिडा झाला. एके दुपारी तो बोलेचना, म्हणून विब्केने पिशवीतून आत्याचा जुना स्कर्ट काढला आणि उसवायला घेतला.

"काय करताय?" त्याला कात्रीचा आवाज आला होता.

"हा चालताना पायात अडकतो. कळ्या घालतेय."

"कळ्या?"

"तिकोनी तुकडे हो. कापड उभं चिरायचं आणि मधे तिकोन शिवायचा. कंबर तेवढीच राहते, खालचा घेर वाढतो."

टेबलावर टकटक करणारी त्याची बोटं थांबली. "पुन्हा सांगा."

"कंबर तेवढीच, घेर जास्त. यात काय आहे एवढं?"

"समजा, कापड आधीच पुरतं गोल आहे. ताटासारखं सपाट पसरलंय. त्याला मधल्या बिंदूपर्यंत चिरलं आणि तरीही कळी घातली तर?"

"मग ते सपाट बसायचंच नाही. कुठेतरी उचलणार, कुठेतरी पडणार. असा वेडेपणा कोण करेल?"

"तुम्ही. आत्ता."

त्याने आतल्या खोलीतून आपलं लष्करी ब्लँकेट आणलं. फ्राउ नोल्टे ओरडली, "अहो, थंडीत पांघरायचं ते!" पण तोवर विब्केने कोपऱ्यातून तीन चकत्या कापल्याही होत्या. एक तशीच ठेवली. दुसरीतून एक तिकोन काढून टाकला आणि कडा शिवल्या. ती टोपीसारखी वर आली. तिसरीला चीर देऊन तिने तो काढलेला तिकोन तिथे बसवला. जाड कापडात सुई जाईना, अंगठ्याला टोचली, तरी तिने नेट लावून शिवलं आणि चकती त्याच्या तळव्यावर ठेवली.

त्याने बोटं फिरवली. पुढे वर, मागे वर. डावीकडे खाली, उजवीकडे खाली. तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

"खोगीर आहे हे," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. "माझे वडील फेर्डेनला खोगिरं करतात. लाकडी सांगाड्यावर कातडं चढवताना म्हणायचे, 'इथे कमी पडतंय, तुकडा जोडावा लागणार.' मी लहानपणी ते तुकडे हातात दिलेत हो! आणि घोड्यावर बसून लढाईवर गेलो. एवढी वर्षं खोगिराच्या वर बसलो, त्याच्या आत कधी शिरलो नाही."

मग दोघांनी दोरा घेतला. एकाच लांबीचा दोरा तिन्ही चकत्यांच्या मध्यापासून ताणून खुणा केल्या आणि घेर मोजले. टोपीचा कमी, सपाटीचा नेहमीसारखा, खोगिराचा जास्त. फ्राउ नोल्टे वाकून बघत होती. "म्हणजे जनावरांचं औषध नाही तर," ती म्हणाली. "शिवणकाम आहे."

जानेवारीतल्या सेमिनारला खोली भरली होती. सगळे ओव्हरकोट घालूनच बसले होते. आर्नुल्फने चकत्यांचे पाच-सहा संच करून आणले होते. ते त्याने बाकांवर फिरवले आणि म्हणाला, "सज्जनहो, कृपा करून डोळे मिटा. नाहीतर तुम्ही बाहेरून बघाल."

कुणीतरी खुसखुसलं. पण प्रोफेसर हासेलब्रिंगनी डोळे मिटले, तेव्हा बाकीच्यांनाही मिटावे लागले. खोलीत एकटी विब्के डोळे उघडे ठेवून होती. एवढे सगळे दाढीवाले विद्वान, मिटल्या डोळ्यांनी ब्लँकेटचे तुकडे चाचपतायत, हे बघून तिने ओठ दाताखाली धरले.

आर्नुल्फ छान बोलला. सूर्याचं उदाहरण त्याने शेवटी घेतलं. सूर्यासारखी जड वस्तू भोवतालच्या अवकाशातून जणू अगदी बारीकशी कळी काढून घेते, असं तो म्हणाला. मध्यापासूनच्या अंतराच्या मानाने घेर किंचित कमी भरतो. आणि वेळेचंही असंच थोडं बिनसतं. दोनेक वर्षांपूर्वीच्या सूर्यग्रहणात सूर्याजवळून आलेला ताऱ्याचा उजेड वाकला, तो कुणी ओढला म्हणून नाही. उजेड आपल्या परीने सरळच चालला होता. सरळ म्हणजे काय, तेच तिथे बदललं होतं.

भौतिकशास्त्राचा एक तरुण उठला. "मग अख्खं विश्वच बंद असेल तर? उजेड फेरी मारून परत येईल?"

"येईल. तेव्हा आपल्याला एकच तारा दोन दिशांना दिसेल," आर्नुल्फ म्हणाला. "आणि आपण त्याला दोन नावं देऊन बसलेलो असू."

खोलीत हशा झाला. मग हासेलब्रिंगनी डोळे उघडले. हातातल्या खोगिराच्या चकतीवर त्यांचा अंगठा मधोमध होता.

"हेर डिटमार, एक शंका आहे. तुमचा सगळा वाकडेपणा या एका टोकावर गोळा झालाय, जिथे कळीचं टोक येतं. बाकी कापड सपाटच आहे. पण खरं खोगीर जागोजागी वाकडं असतं. तिथे तुमची कळी कुठे घालणार?"

आर्नुल्फचा हात टेबलावर चकती शोधू लागला आणि ती सापडेना. विब्केने बघितलं, त्याच्या कपाळावर घाम आला होता. वाचणाऱ्याने बोलायचं नसतं, हे तिला पक्कं सांगितलेलं होतं. पण तिला उत्तर समोर दिसत होतं, अगदी स्कर्टाच्या झालरीइतकं स्पष्ट, आणि ते गिळणं तिच्या अंगी नव्हतं.

"एक मोठी घालायचीच नाही," ती म्हणाली. "सगळीकडे बारीक बारीक घालायच्या. जितक्या बारीक तितक्या जास्त. मग टोक कुठेच दिसणार नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"कोण बोललं?" हासेलब्रिंगनी विचारलं.

"वाचणारी," विब्के म्हणाली. तिचे कान लाल झाले.

"तुमचा विषय कुठला?"

"कुठलाच नाही, प्रोफेसर."

"आणि किती बारीक घालायच्या, ते कसं ठरवणार?"

तिला माहीत नव्हतं. आर्नुल्फला तोवर सूर सापडला होता. "प्रत्येक जागी तिथल्यापुरतं एक माप असतं, प्रोफेसर," तो म्हणाला. "खालच्या दोन गोचिडांचा जी. तो जागोजागी कसा बदलतो, त्यावरून कळीचं माप निघतं." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो ओशाळला.

हासेलब्रिंगना गोचीड कळले नाहीत. पण उत्तर कळलं. त्यांनी पुढे जवळपास तासभर दोघांना उलटसुलट प्रश्न विचारले, आणि ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना स्वतःलाच नाद लागला होता. बाहेर पडताना ते आर्नुल्फला म्हणाले, "राहा." आणि विब्केला म्हणाले, "तुम्ही वसंतात नाव घाला. माझ्याकडे नको, आधी पहिल्या वर्षाला. तुम्हाला काहीच येत नाही."

"ते मला माहीत आहे," विब्के म्हणाली.

वडील महिनाभर कुरकुरले. मुलीचं डिटमारशी काही जमलंय म्हणून ही थेरं, असं शेजारपाजारच्यांना वाटलं. तसलं काही नव्हतं. आर्नुल्फ पुढे फेर्डेनच्याच एका शिक्षिकेशी लग्न करून बसला. पहिल्या सत्रात विब्के एका विषयात आपटली, दुसऱ्यांदा बसून सुटली. आर्नुल्फला डॉक्टरेट मिळायला चार वर्षं लागली, आणि फ्राउ नोल्टेने त्याला त्या दिवशी नवं ब्लँकेट दिलं, वर बजावलं, "याला कात्री लावाल तर याद राखा."

पण त्याच्या बऱ्याच आधी, पहिल्याच उन्हाळ्यात, एक गोष्ट झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माश्या आत येत होत्या. विब्के एक नवा निबंध वाचत होती. मधेच ती थांबली.

"पुढे वाचा," आर्नुल्फ म्हणाला, टोचणी उगारून.

"नाही."

"का? पान फाटलंय?"

"पान ठीक आहे. ही तिसरी ओळ दुसरीतून कशी निघाली, ते मला पटलेलं नाही."

"अहो, तो माणूस हायडेलबर्गचा मोठा..."

"असू दे मोठा. हा गोचीड वर होता, तो खाली कसा आला?"

आर्नुल्फने टोचलेला कागद उलटा केला आणि उठलेल्या ठिपक्यांवरून बोटं फिरवून आपली टिपणं तपासली. पुन्हा तपासली. मग टोचणी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"पहिल्यापासून वाचा," तो म्हणाला. "सावकाश."