वाळूला आलेला औषधाचा वास

मित्रांनो, मला डेरा म्हणा, माठ म्हणा, मी रागावणार नाही. मी आहे एक जुना, गळ्याशी चिरलेला मातीचा माठ. गोदावरीकाठची चिकण माती मी. अजूनही अंगाला ओल लागली की डोळे मिटतात आणि संथ पाण्याखाली पडून असल्यासारखं वाटतं. घनसावंगीच्या बाजारात गोपिकाबाईंनी टिचक्या मारमारून मला पारखलं. "खणखणीत हाय," म्हणाल्या. एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही!

बरीच वर्षं मी घराची तहान भागवली. मग चीर पडली, फ्रीज आला आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. कोंबडी माझ्यात अंडी घालायची. दिवसच फिरले होते, दुसरं काय!

पण वस्तीवर लाइट राहील तर फ्रीज चालेल ना? गोपिकाबाईंचे मालक इंद्रभान यांना जुनी शुगर. त्यांची इन्सुलिनची बाटली गारव्यात ठेवावी लागे. बाईंनी मला धुतलं, पोटात वाळू भरली, वाळूत एक बुडकुलं, म्हणजे छोटं मडकं, पुरलं आणि त्यात बाटली ठेवली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. गार राहायचं आणि पेंगायचं, असं सुखाचं काम मला मिळालं.

त्यातच इंद्रभानांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी ते संभाजीनगरला जाऊन सलाइनमधून मोठं औषध घेऊन येत. इम्युनोथेरपी म्हणतात त्याला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हे औषध स्वतः कॅन्सरला मारत नाही, अंगातल्याच राखणदारांना जागं करतं. इंद्रभान जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. त्यांना हे एकदम पटलं. "म्हंजे लांडगा छातीत हाय आन् कुत्री आपलीच," घरी येऊन ते म्हणाले.

आता त्यांची करणी ऐका. रोज सकाळी ते मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढत, "तू चहा ठेव, मी घेतो टोचून," असं बाईंना सांगत, सुई भरत आणि सगळं इन्सुलिन माझ्या वाळूत सोडून देत. तीन महिने! आधी मला वाटलं, पेंगता पेंगता मी स्वप्नच पाहतोय. पण वाळूचा वास बदलत गेला. एवढं मोठं तोंड असून मला बोलता येईना, याचं फार वाईट वाटायचं.

शुगर काही खाली येईना. डॉक्टरीणबाई इन्सुलिनचं माप वाढवत राहिल्या. गोपिकाबाईंनी दोष स्वतःलाच दिला. भात बंद केला, गूळ लपवला, आपला चहासुद्धा बिनसाखरेचा केला. बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एके दिवशी वाळू बदलताना त्यांनी मूठभर वाळू नाकाशी नेली. वास थेट दवाखान्याचा! तीच मूठ घेऊन त्या इंद्रभानांसमोर गेल्या.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

इंद्रभानांची मान खाली गेली. "अगं, बाहेरून सुईची मदत दिली तर घरची कुत्री आळशी होतेत, असं वाटलं. मला जगायचं हाय."

"मंग मला इचारायचं न्हाई का? मी काय परकी हाय?" बाई रडू लागल्या. मी तिथेच होतो, पण माझा काय उपयोग!

दुसऱ्याच दिवशी त्या नवऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तिथे काय झालं ते बाईंनी मला पाणी शिंपडताना सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत म्हणे. "काका, उलटं आहे," त्या म्हणाल्या. "रक्तात साखर सतत चढलेली राहिली की राखणदार सुस्तावतात. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पण अशा पेशंटला हे औषध कमी लागू पडू शकतं. आता मात्र सुई चुकवू नका." वाढवलेलं माप त्यांनी कमी करून नव्यानं ठरवून दिलं.

परवा छातीचा नवा फोटो निघाला. गाठ वाढलेली नाही, कमीही झालेली नाही. वाया गेलेले तीन महिने कुणी परत देणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आज सकाळी बाई चहा ठेवायला उठल्या तर इंद्रभानांनी त्यांचा पदर धरला. "चहा राहू दे. बस हितं. मी टोचतो, तू बघत राहा." त्यांनी सुई भरली. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

मित्रांनो, औषध गार ठेवायला माझ्यासारखं चिरलेलं मडकंही पुरतं. औषध घेणाऱ्याजवळ बसायला मात्र माणूस लागतं. तुमच्या घरात कुणी घेत असेल, तर तेवढं बसाच.