चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

आमची लिफ्ट रोज दुपारी अडकते, हे त्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. का अडकते, ते फक्त मला माहीत होतं. मीच अडकवायचे.

लगेच नाकं मुरडू नका. आधी ऐकून तर घ्या. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. पितळी दांडा उजवीकडे ओढला की वर, डावीकडे ओढला की खाली, मधे सोडला की जिथं असेल तिथं उभी. सकाळपासून मी त्या दांड्याशी उभी. "वर घ्या," "खाली घ्या," "अहो बाई, तिसरा म्हटलं ना मी!" पायांचे तुकडे पडतात. बरं, घरी जावं तर तिथं दुसरी ड्यूटी. नवरा विचारतो, "अगं, माझे मोजे कुठायत?" मोजे त्याच्या पायात असतात. लेक म्हणते, "आई, मला तुला काहीतरी सांगायचं होतं, विसरले, तू आठव ना." आणि सासूबाई बाथरूममध्ये. त्या एकदा आत गेल्या की नळ सोडून बसतात. मी दार बडवते, "आई, टाकी रिकामी होईल!" आतून उत्तर येतं, "आलेच!" त्यांच्या 'आलेच'वर विश्वास ठेवून मी कितीदा तरी पारोशी कामावर गेलेय.

म्हणून दुपारची ती वेळ. सगळ्या ऑफिसांतून जेवणं आटपून माना डुलायला लागल्या की मी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये नेऊन दांडा सोडायचे. तिथं समोर नुसती भिंत. कोपऱ्यातलं स्टूल ओढायचं, बूट काढायचे, पाय जाळीला टेकवायचे. संत्र्याच्या वासाचं क्रीम हातांना चोळायचं, एकेक बोट घेऊन, सावकाश. मग तोंडात लिंबाची एक गोळी. चावायची नाही. ती विरघळेपर्यंत मी कुणाची कुणी नाही. बेल वाजलीच तर नरड्याच्या शिरा ताणून ओरडायचं, "अडकलीय हो!" लोक बिचारे जिन्यानं जायचे.

मेकॅनिक दर महिन्याला यायचा. सगळं उघडून बघायचा, काही सापडायचं नाही, आणि इमारतीच्या मॅनेजरना गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "दुपारी लोखंड पसरतं." देव त्याचं भलं करो.

एकच खटकायचं. माझ्या पर्समधल्या गोळ्या घरीच कमी व्हायच्या. लेकीला दटावलं, नवऱ्याची उलटतपासणी घेतली. दोघंही शपथेवर नाही म्हणाले. घरात उंदीर झालेत म्हणावं, तर गोळीचा कागद उलगडून खाणारा उंदीर मी तरी बघितला नव्हता.

घोटाळा झाला तो हाताच्या सवयीनं. एके दुपारी चौथ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले. माणूस इतका गप्प, की शिरलेत हेच माझ्या लक्षात आलं नाही. लिफ्ट निघाली, नेहमीच्या जागी हातानं दांडा सोडला. मी स्टूल ओढलं, एक बूट काढला, आणि दुसऱ्या बुटाला हात घालताना वर बघते तो काय, डॉक्टर!

"अडकली?" त्यांनी विचारलं.

"अडकली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ?

"किती वेळ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गोळी विरघळेपर्यंत."

डॉक्टरांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग चक्क खाली बसले, बूट काढले, आणि हात पुढं केला. मी मुकाट्यानं त्यांना एक गोळी दिली. दाताचे डॉक्टर, आणि गोळी! त्यांनी ती डोळे मिटून चघळली. पार संपल्यावर म्हणाले, "दिवसभर माझ्यासमोर नुसती उघडी तोंडं असतात हो. मिटलेल्या तोंडाचं माणूस आज बघितलं." ऐकून मला भरून आलं. "कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "छे छे," ते म्हणाले.

तो छे छे दोन दिवससुद्धा टिकला नाही. त्यांनी टायपिंग क्लासच्या बाईंना सांगितलं. बाई नेलपॉलिश घेऊन आल्या आणि पायांची बोटं रंगवत बसल्या. बाईंनी विमावाल्यांना सांगितलं. ते काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून आडवे झाले आणि उठताना विसरून त्यातली एक खाऊन टाकली. पुढं पुढं डॉक्टरांच्या पेशंटांना म्हणे भुलीचं इंजेक्शन नको असायचं. "आधी जरा अडकून येतो," म्हणायचे. कोणी टब आणला, कोणी गरम पाण्याची किटली. एक आजोबा तर नुसते कान कोरायला यायचे. त्यांचं त्या इमारतीत काहीसुद्धा काम नव्हतं.

लिफ्ट दिवसभर चौथ्या-पाचव्याच्या मध्ये उभी, आणि ज्यांना खरंच वर जायचं ते जिन्यानं धापा टाकत. शेवटी मॅनेजर पाय आपटत आले. पोट आत ओढलेलं, पट्टा शेवटच्या भोकात. "हा काय तमाशा चाललाय? मला वर घ्या, मी स्वतः बघतो!" घेतलं. थांबवली. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पट्ट्याला हात घातला आणि तो सोडला. काय सांगू तुम्हाला! ते पोट असं बाहेर आलं, की आजोबा कान कोरायचे थांबून जरा मागं सरकले. मॅनेजरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "नोकरीला लागल्यापासून आत ओढून धरलंय हो," ते म्हणाले.

मला वाटलं, सुटले. कसली सुटते! माणसाला सुख सापडलं की तो आधी त्याची व्यवस्था लावतो. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, 'अडकण्याची वेळ'. लिफ्टला गालिचा आला, पडदा आला. आणि मॅनेजर मला म्हणाले, "तुम्ही आता बसायचं नाही. लोक इथं विश्रांतीला येतात. समोर कर्मचारी पाय पसरून बसलेला बरा दिसत नाही."

माझं स्टूल कान कोरणाऱ्या आजोबांना दिलं!

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी शोधलेली जागा, मी जपलेली भिंत, आणि तिथं मीच हातावर टॉवेल टाकून उभी! "बाई, पाणी कोमट झालंय." "बाई, जरा पाठ दाबा ना." "बाई, हळू श्वास घ्या, आम्हाला त्रास होतो." बाजारातल्या बैलाला चारा दाखवून त्याच्याच पाठीवर लादावा, तशातली गत. गोळी तोंडात टाकायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "ड्यूटीवर खाऊ नका, दात किडतील." यांनीच! माझ्या पर्समधल्या अर्ध्या गोळ्या संपवणाऱ्या या माणसानं!

मला दुसरं काही नको होतं हो. एक गोळीभर वेळ हवा होता, ज्यात मला कुणी हाक मारणार नाही. तेवढाच होता, आणि तोही गेला. घरी आले की रडू यायचं, पण रडायला जावं तर बाथरूममध्ये सासूबाई.

मग तो दिवस आला. लिफ्ट खच्चून भरलेली. टबात विमावाले, टबाच्या कडेवर बाई, मॅनेजर पोट सोडून उभे. वेळ संपली म्हणून मी दांडा ओढला, आणि दांडा माझ्या हातात आला. अख्खा. मुळापासून उपटून.

"चला ना बाई," कोणीतरी म्हणालं.

मी दांडा वर करून दाखवला. "अडकली."

"ते माहीत आहे. आता चालू करा."

"आता खरंच अडकली."

अहो, एवढी धांदल मी आगीतसुद्धा बघितली नसती. त्याच भिंतीसमोर, त्याच गालिच्यावर, अर्ध्या मिनिटापूर्वी सुखानं सुस्कारे सोडणारी माणसं जाळीला लटकून बोंबलायला लागली. "वाचवा! अडकलो!" बाईंचं नेलपॉलिश विमावाल्यांच्या टकलावर सांडलं. मॅनेजरांनी घाबरून पोट आत घेतलं आणि पट्टा बांधायला गेले, तर पट्टा त्यांच्या पोटाला नाही, डॉक्टरांच्या हाताला बांधला गेला. आजोबा ताडकन उठले. स्टूल मोकळं झालं.

मी बसले. बूट काढले. पाय मात्र जाळीला टेकवता आले नाहीत, तिथं माणसं लटकलेली होती, म्हणून टबाच्या कडेवर ठेवले.

"अहो, काहीतरी करा!" मॅनेजर किंचाळले.

"काय करू? दांडा तर माझ्याच हातात आहे," मी म्हटलं, आणि गोळी तोंडात टाकली. इतक्या आरडाओरड्यात कुणाला माझं काही काम आठवलं नाही. इतकी गोड गोळी मी जन्मात खाल्ली नाही.

मेकॅनिकनं वरून चाक फिरवून आम्हाला पाचव्यापर्यंत नेलं. लोक बाहेर पडले ते मागं न बघता. तो आत डोकावला. गालिचा, टब, काकडी, मी. "दुपारी लोखंड पसरतं," तो हळूच म्हणाला आणि मान हलवली. मला वाटतं, त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात नवी लिफ्ट आली, बटणांची. चौथं दाबलं की चौथा, पाचवं दाबलं की पाचवा. मधे ती थांबतच नाही. मी सगळी बटणं एकदम दाबून बघितली, तरी नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले ती रिकामी होऊन. नवऱ्यानं मोज्यांबद्दल विचारलं, लेकीला काहीतरी आठवत नव्हतं, आणि बाथरूममधून नळाचा आवाज. माझं डोकं भडकलं. दार बडवायला मूठ उगारली, आणि पाण्याच्या आवाजामागून दुसरा आवाज आला. कागद उलगडल्याचा. गोळीचा कागद.

मूठ तिथंच राहिली. मी दारावर एक बोट वाजवलं. "आई, मी आहे."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. सासूबाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, अंगावर सगळे कपडे, कोरड्या ठणठणीत. पाय भिंतीला टेकवलेले. हातांना संत्र्याचा वास. एक गाल फुगलेला.

"नळ कशाला सोडता हो आई?" मला दुसरं काही सुचेना.

"नळ वाजला की लोकांना वाटतं बाई कामात आहे," त्या म्हणाल्या. "तुझं लग्न व्हायच्या आधीपासून वाजवतेय. दार लाव, अक्कल असेल तर."

मी दार लावलं. त्या बादलीवर जरा सरकल्या. दोघींना मिळून ती जेमतेम पुरत होती. त्यांनी कमरेच्या गाठीतून गोळी काढून दिली, माझीच, आणि मी थँक्यू म्हटलं.

"अगं, माझे मोजे!" बाहेरून नवरा ओरडला. "आणि आईही आतच? तुम्ही दोघी आत काय करताय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"अडकलंय!" दोघी एकदम ओरडलो.

"काय अडकलंय?"

ते काही आमचं ठरलं नव्हतं. सासूबाईंनी नळ आणखी मोठा केला.