सात नंबरने इतकं लांब कसं मारतात

प्रश्न

दातांचे डॉक्टर रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी गोल्फच्या सरावाच्या मैदानावर येत, घाम गाळत आणि शेजारी खेळणाऱ्या मुलीला तोच प्रश्न विचारत.

“तू सात नंबरच्या आयर्नने, या लोखंडी काठीने, सहज जिथे टाकतेस, तिथे माझा बॉल पिशवीतली सगळ्यात लांब काठी काढूनही जात नाही. वजन म्हणशील तर तुझ्यासारख्या दोन माझ्यात मावतील. तुम्ही प्रोफेशनल लोक करता काय नक्की?”

त्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. एरवी ती म्हणायची, “डॉक्टर, दात काढताना तुम्ही जोर लावता का?” आणि डॉक्टर खूश होऊन चेंडूंची आणखी एक बादली घ्यायचे. त्या सकाळी मात्र सात नंबर हातात धरून ती समोरच्या पिवळ्या पाटीकडे बघत राहिली. पूर्वी ती पाटी ओलांडून जायचा तिचा चेंडू. आता पाटीच्या अलीकडे पडत होता.

डॉक्टरांचं उत्तर

“मनगट. सगळी जादू मनगटात.”

असं म्हणून त्यांनी जीभ चावली. जिन्यात घसरून टाचणीने डावं मनगट मोडून घेतलं होतं, हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं. हाड केव्हाच सांधलं होतं. हात मात्र ऐकत नव्हता. काठी जमिनीला लागली की कळ येईल या धास्तीने तो शेवटच्या क्षणी चेंडूला खालून वर उचलायला जायचा. चेंडू आभाळात उंच जायचा आणि जवळच पडायचा, थकल्यासारखा.

परवा पात्रता फेरी होती. त्यात टिकली तर पुढचं वर्ष स्पर्धा. नाही तर नवशिक्यांना काठी कशी धरायची ते शिकवायचं, जे ती सध्या करतच होती. फेरीच्या शेवटच्या होलला, म्हणजे चेंडू घालायच्या शेवटच्या भोकाच्या वाटेत, मधे तळं. पिवळी पाटी बरोबर त्या तळ्याइतक्या अंतरावर रोवलेली.

आईचं उत्तर

टाचणीची पिशवी तिची आई वाहायची. आधी बँकेत होती, आता कॅडी.

“लांब कशी मारते? माझ्यावरचा राग काढते बॉलवर,” आई म्हणायची. “मी लहानपणी हिला भाज्या खायला लावल्या ना.”

मामाचं उत्तर

मामाने कधी उत्तर दिलं नाही. मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत तो गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायचा. दारातच मळकट चटई, आत रबराचा आणि गोंदाचा वास, भिंतीला दांड्यांची रांग, आणि टेबलाच्या टोकाला लोखंडी शिकंजा, ज्यात आयर्नचं डोकं पकडून त्याच्या तोंडाचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, कोन मोजता येतो. खेळाडूंच्या आयर्न मऊ लोखंडाच्या असतात. जमिनीवर आपटून आपटून कोन हलतो. तोंड उभं होत गेलं तर चेंडू खालून लांब पळतो. ते आभाळाकडे वळत गेलं तर उंच जाऊन जवळ पडतो. काठीवरचा आकडा वाढतो तसा दांडा आखूड होतो आणि तोंड अधिक वर वळलेलं असतं. म्हणून दर सोमवारी टाचणी पिशवी मामाकडे टाकायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. कधी विचारायची नाही. डोळे मिटून सही करावी तसं.

टाचणीचं उत्तर

(इथे उत्तर नाही. इथे ती बाकावर बसून स्पर्धेच्या कार्यालयाला फोन लावते आहे, नाव मागे घ्यायला. “आपण रांगेत आहात,” असं फोन म्हणतो आणि बासरी वाजवतो.)

शिडीचं उत्तर

शिडी म्हणजे टाचणीची जुनी मैत्रीण आणि जुनी प्रतिस्पर्धी. उंच. तीही परवा खेळणार होती.

“फोन कुणाला?”

“कुणाला नाही.”

“कुणाला नाही, तर बासरी का ऐकतेयस? ठेव तो. तुझा सात नंबर पाटीला चाटून पडतोय, मी बघतेय तासभर. गेल्या महिन्यात तर निम्म्यात पडत होता. सुधारतेयस की, गाढवे.”

“चाटून म्हणजे तळ्यात.”

“माझा घेऊन मार एकदा. आपल्या दोघींच्या काठ्या एकाच कंपनीच्या. काही नाही तर नशीब बदलेल.”

टाचणीने शिडीचा सात नंबर घेतला. दांडा थोडा लांब होता, तिने खाली सरकवून धरला. मारला. आवाज वेगळाच आला, जाड पुस्तक टेबलावर पडावं तसा. चेंडू खालून निघाला, मग हळूहळू चढला आणि पिवळ्या पाटीच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडला.

टाचणीने काठी उलटून तिचं तोंड पाहिलं.

“लबाड,” टाचणी म्हणाली. “तोंड उभं करून घेतलंयस ना तू. नाव सात, आत सहा.”

“माझ्या आईच्यान नाही. तुझ्याच मामाने मोजलंय.”

“बघू.”

बघायची पद्धत सगळ्या खेळाडूंना ठाऊक असते. आयर्न गवतावर तोंड वर करून ठेवायची आणि तोंडावर बुटाने दाब द्यायचा. दांडा आपोआप वर उठतो. जिकडे दांडा, तिकडे चेंडू. टाचणीने एका पायाखाली शिडीचा सात दाबला, दुसऱ्या पायाखाली स्वतःचा. शिडीने बाजूला बसून एक डोळा मिटला.

शिडीचा दांडा ज्याच्या त्याच्या जागी होता.

टाचणीचा दांडा त्याच्यापेक्षा वर गेला होता, शेजारच्या घरात डोकावणाऱ्या बाईसारखा.

शिडीने आपला आठ नंबर काढून मधे ठेवला, दाबला. तो आणि टाचणीचा सात एका रेषेत आले.

“अगं,” शिडी म्हणाली, “तू आठ मारतेयस.”

खोलीत

मामाने चष्मा काढला, पुसला, घातला. मग पुन्हा काढला.

“सगळ्याच आयर्न?” टाचणीने विचारलं.

“सगळ्या. प्रत्येकीचं तोंड थोडं थोडं वळवलं. एकेका सोमवारी.”

आई पिशवी घेऊन दारात उभी होती. “दादा, काय म्हणतोयस तू? पोरगी घरी येऊन उशीत तोंड घालून रडत होती. मी हिला सांगत होते, होतं असं, वय होतं.”

“आई, मी सव्वीस वर्षांची आहे.”

“मला काय सुचणार दुसरं?”

मामा टेबलाशीच बोलल्यासारखा बोलला. “तू बॉल उचलायला लागली होतीस. बॉल उचलायचा नसतो, दाबायचा असतो. हात पुढे, काठीचं डोकं मागून. बॉल आधी, माती नंतर. तसं मारलं की त्या क्षणी सात नंबरचं तोंड उभं होतं, सहासारखं वागतं. तुम्हा खेळाडूंचा बॉल लांब जातो तो त्यामुळे, दंडामुळे नाही. हे मी तुला सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. हात नसता डोलला.”

“म्हणून?”

“म्हणून काठीचंच तोंड वर केलं. उचललास तर बॉल ढगात. खाली आणायचा तर हात पुढे न्यावेच लागतील. हात आपणहून शिकेल म्हटलं. शिकला. तीन-चार सोमवार झाले, मी तुझ्या खपल्या बघतोय.”

खपली म्हणजे मारताना उडणारं गवताचं ढेकूळ. नवशिक्याची चेंडूच्या मागून निघते. खेळाडूची चेंडूच्या पुढून.

“मग त्याच सोमवारी सांगायचं ना.”

मामाने चष्मा टेबलावर ठेवला. “तिथे चुकलो,” तो म्हणाला. “सांगितलं आणि तू परत उचलायला लागलीस तर, अशी भीती वाटली. आज सांगू, उद्या सांगू. तू नाव मागे घ्यायला निघशील इतकं वाटलं नव्हतं.”

“निघाले होते. फोन लागला नाही म्हणून उभी आहे इथे.”

आई भावाशी बोलेनाशी झाली. म्हणजे टाचणीला म्हणाली, “सांग तुझ्या मामाला, सगळ्या होत्या तशा करून दे म्हणावं. आत्ता.”

“करतो,” मामाने शिकंजा उघडला.

“नको.” टाचणीने पिशवीवर हात ठेवला. राग होता, चांगला घट्ट होता, आणि तो ती सोडणार नव्हती. पण त्याच्या खाली काहीतरी हलकं हलकं फडफडत होतं. इतके दिवस ती स्वतःला जितकी लहान समजत होती, तितकी ती नव्हती. “आता या मला कळतात. वरचा आकडा तेवढा खोटा आहे. आई, तुझं नेलपॉलिश आहे का पर्समध्ये?”

दुरुस्ती

सहा, सात, आठ, नऊ. प्रत्येक आकड्यावर लाल थेंब. आईने स्वतः लावले, फुंकर मारून वाळवले. “आता मी देऊ कशी तुला? नंबरच नाही.”

“लांबी बघून दे. बँकेत नोटा बघून ओळखायचीस ना.”

“सांग तुझ्या मामाला, बँकेत कुणी नोटेवरचा आकडा बदलत नव्हतं म्हणावं.”

शेवटचं होल

तळं. पलीकडे ग्रीन, म्हणजे बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, त्यावर होलचा झेंडा. पात्रतेत टिकायला टाचणीला इथे तीन फटक्यांत चेंडू होलमध्ये टाकणं भाग होतं, त्यातला हा पहिला. बरोबरच्या मुलीने आठ नंबर घेऊन पलीकडे टाकला होता आणि तोंडावर काही न दाखवता बाजूला उभी राहिली होती.

आई पिशवीशी. “कुठली?”

पूर्वी टाचणी म्हणाली असती, सात. सात तिची होती, सातसाठीच लोक तिला प्रश्न विचारायचे. त्या जागी सहा मागायची म्हणजे चारचौघांत मान्य करायचं की माझं काहीतरी गेलं. पण लाल थेंबाखाली काय लिहिलंय ते आता कुणालाच दिसत नव्हतं, आणि तिला तर नकोच होतं.

“सातपेक्षा एक लांब.”

आईने बोट फिरवून काढून दिली.

चेंडू आधी. मग माती. मनगटात काही झालं नाही. जाड पुस्तक टेबलावर पडलं. चेंडू खालून निघाला, तळ्यावर चढत गेला, झेंड्याच्या उजवीकडे पडला आणि एकदा उडून तिथेच बसला, सांगितल्यासारखा.

त्यानंतरचे दोन छोटे फटके तिने घाईने घेतले नाहीत. चेंडू आत पडला. यादी लागायला अजून वेळ होता, पण शिडी दुरून दोन्ही हात हलवत येत होती आणि तिची ढांग बघूनच कळत होतं, टाचणी टिकली.

मामा दोरीच्या पलीकडून टीवर, तिने पहिला फटका मारलेल्या जागी, आला होता. खाली बसून तो उडालेली खपली शोधत होता. सापडली, तशी त्याने ती जागेवर ठेवून तळव्याने दाबली. खपली सगळी चेंडूच्या पुढची होती.

आई तळ्याला वळसा घालून त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. इकडेतिकडे पाहिलं. टाचणी लांब होती, निरोप द्यायला कुणी नव्हतं.

“ऊठ,” ती म्हणाली. “गुडघे दुखतील. आणि सोमवारी मी बसणार आहे तुझ्या खोलीत, कोन बघायला.”