दुसरं कवच

पडद्यामागे येऊन गाडी थांबली आणि भोवऱ्याने डाव्या हाताची कळ ओढली. गाडीच्या पोटाखालून आधाराची दोन छोटी चाकं निघून जमिनीला टेकली, तेव्हा कुठे त्याने धरून ठेवलेला श्वास सोडला. जमलं होतं. माणसांनी खचाखच भरलेल्या सभागृहात, सगळीकडून कवचाने झाकलेली, पाय टेकायची सोयच नसलेली मोटरसायकल त्याने पायी चालायच्या वेगाने फिरवली होती. इंग्रजी आठ काढला होता आणि गाडी तसूभरही डगमगली नव्हती.

आता पुढचं सोपं होतं. समोरच्या फिरत्या चौथऱ्यावर गाडी चढवायची, चौथरा वळून लोकांसमोर जाणार, कवच उघडणार आणि आतून तो बाहेर येणार. पहिल्या रांगेत त्याची आई आणि बायको बसल्या होत्या. याच क्षणासाठी बायकोने त्याचा निळा शर्ट दोनदा इस्त्री केला होता.

पण चौथऱ्यावर आधीच एक गाडी उभी होती.

त्याला वाटलं, समोर आरसा लावलाय. तीच चंदेरी कांती, माशासारखं तेच निमुळतं नाक, चाकांवरून थेट शेपटापर्यंत गेलेला तोच अखंड पत्रा, तीच काळी काच. मग त्या काचेआड एक डोकं हललं. चौथरा गरगरत वळला, पडदा सरकला आणि पलीकडे टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

"आणि हा आहे," ध्वनिवर्धकावरून ओळखीचा आवाज आला, "उद्याच्या गाडीचा स्वार!"

तो आवाज पेन्सिल्याचा होता.

पेन्सिल्या आणि भोवरा मिसरूड फुटायच्या वयात एकाच गॅरेजात कामाला लागले होते. एकाच्या कानावर सदा पेन्सिल खोचलेली. दुसरा कुठलीही गाडी द्या, पडायचा नाही. नावं त्यांनीच एकमेकांना ठेवली. जेवणाच्या सुट्टीत पेन्सिल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर उद्याच्या मोटरसायकली काढायचा.

"बघ भोवऱ्या, सगळी झाकलेली. पाऊस नाही, वारा नाही. नुसता एक थेंब धावत सुटलाय असं वाटेल."

"आणि आत बसून नाक खाजवायचं झालं तर?"

"ते काम तुझं. मी फक्त चित्र काढणार."

पुढे पेन्सिल्या शिकला, मोठ्या कारखान्यात गाड्यांना रूप देणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. पण विसरला नाही. झाकलेल्या मोटरसायकलीला मंजुरी मिळाली त्या दिवशी तो भोवऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "चित्र काढलंय," म्हणाला. "आता तुझं काम."

काम सोपं नव्हतं. सगळीकडून बंद गाडीला आडवा वारा शिडासारखा ढकलतो. आत अर्धवट आडवं पडून चालवायचं, उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, श्वासाने काच धुरकटायची. भोवरा जन्मात पडला नव्हता तेवढा त्या गाडीत पडला. एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं. पेन्सिल्या रात्रंदिवस दवाखान्यात बसून होता. तिथेच तो म्हणाला होता, "ही जगासमोर येईल ना, तेव्हा तिच्यातून तूच बाहेर येशील. लोकांना कळू दे, ही कोणी चालवली." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटे नव्हते, असं भोवऱ्याला अजूनही वाटत होतं.

मग कवचाची आतली कडी काढली गेली. तिच्यामुळे बाहेर बारीकसा उंचवटा येतो आणि पत्र्याची सलग रेघ तुटते, हे कारखान्याच्या साहेबांना खपत नव्हतं. म्हणजे आता कवच उघडणार ते बाहेरूनच. मग कार्यशाळेत सुतार एका लाकडी सांगाड्यावर दुसरं कवच बसवताना दिसले. "हे कशाला रे?" भोवऱ्याने विचारलं होतं. "सुटं असावं एक. फुटलंबिटलं तर," पेन्सिल्या म्हणाला होता. कवच जड होतं. सुतारांची दमछाक बघून भोवऱ्यानेच पुढे होऊन एक टोक धरलं होतं. चंदेरी पोशाख मात्र त्याला मिळाला नव्हता. "तुझ्या मापाचा शिवला नाही रे त्यांनी. साधाच शर्ट घाल. साधं बरं दिसतं."

सगळं डोळ्यांसमोर होतं. दिसलं कसं नाही?

त्याने काचेवर टकटक केलं. पडद्यामागची सगळी माणसं पुढे धावली होती. पुन्हा केलं, मुठीने केलं. निळा शर्ट पाठीला चिकटला. बाहेर टाळ्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. अखेर झाडू घेऊन आलेल्या सफाईवाल्या बाईंना आवाज ऐकू आला. त्यांनी इकडेतिकडे चाचपून खटका दाबला आणि कवच वर गेलं.

"अगं बाई! आत माणूस आहे!"

"आहे खरा," भोवरा म्हणाला.

बाईंनी हात दिला. आखडलेले पाय सरळ करायला त्याला वेळ लागला. तो उभा राहतो न राहतो तोच पेन्सिल्या धावत आला आणि त्याने घामेजलेल्या भोवऱ्याला मिठीच मारली.

"काय चालवलीस रे! लोक वेडे झालेत बाहेर!"

भोवऱ्याने हात वर केले नाहीत. "तो कोण होता?"

मिठी सैल झाली. "जाहिरातींत काम करतो. साहेबांचं म्हणणं पडलं, उद्याच्या गाडीतून उद्याचा माणूस निघायला हवा. तरणाताठा. मी भांडलो रे तुझ्यासाठी."

"कधी?"

"म्हणजे... आत्ताच. अगदी शेवटच्या घटकेला ठरलं सगळं."

"लाकडी सांगाडा शेवटच्या घटकेला झाला का? एक टोक मी धरलं होतं, पेन्सिल्या."

पेन्सिल्या खाली बघू लागला. त्याचा हात सवयीने कानाशी गेला. तिथे आता पेन्सिल नसायची.

"आधी सांगितलं असतं, तर चालवली असतीस?"

"चालवली असती. तुझी गाडी आहे, का नसती चालवली?" भोवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "फक्त आईला पहिल्या रांगेत बसवलं नसतं. तूच घरी आलास, तिच्याजवळ बसलास. 'काकू, तुम्ही यायलाच हवं, तुमच्यासाठी गाडी पाठवतो,' म्हणालास. ते कशाला म्हणालास रे?"

उत्तर भोवऱ्याला ठाऊक होतं, पण ते त्याला तोंडाने उच्चारवेना. आईला बोलावल्यावर कुणाला शंका येणार?

"संध्याकाळी परत एकदा करायचंय," पेन्सिल्या हळूच म्हणाला. "परदेशी पाहुणे आहेत. राग नंतर काढ, हवं तर मार मला. पण तुझ्याशिवाय ती कोणालाच जमत नाही, तुला ठाऊक आहे."

"तुमच्या त्या उद्याच्या माणसाला सांग."

"तो पडेल रे!"

"पडू दे. बंद कवच आहे. कोणाला दिसणार आहे?"

पेन्सिल्याने त्याची बाही धरली. भोवऱ्याने ती ओढून घेतली नाही. पेन्सिल्याची बोटं आपणहून सुटेपर्यंत थांबला आणि मग निघाला.

सभागृह रिकामं होत आलं होतं. बायको खुर्च्यांच्या रांगेपाशी उभी होती. तिचा चेहरा पाहूनच कळलं, तिला सगळं कळलंय. आई मात्र बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढे करत म्हणाली, "आलास? किती रुबाबदार दिसत होतास रे! तो चमचमता पोशाख काय, ते हात हलवणं काय! मीही इकडून हलवत होते. बघितलंस का?"

"आई, अहो तो..." बायको बोलू लागली. भोवऱ्याने मान हलवली, तशी ती थांबली.

"दिव्यांचा झोत होता डोळ्यांवर," तो म्हणाला. "नीट दिसलं नाही ग."

"मला तरी कुठे धड दिसतंय लांबचं! पण तू उठून उभा राहिलास ना, लगेच ओळखलं." तिने त्याचा दंड धरला. "कपडे बदललेस वाटतं?"

"हो. फार उकडतं आत."

कारखान्याची गाडी दाराशी उभी होती. तिच्याकडे न बघता तो दोघींना घेऊन बसथांब्यावर आला. ऊन रणरणत होतं. थांब्याच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. आईला कुणाशी बोलल्यावाचून राहवेना.

"आत जाऊन आलात का तुम्ही? ती बंद मोटरसायकल बघितलीत? त्यातून उतरला ना, तो हा माझा मुलगा."

गृहस्थांनी भोवऱ्याकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, घामाने काळपट पडलेला निळा शर्ट, किंचित वाकडा राहिलेला खांदा. ते काहीतरी बोलणार होते. पण नजर त्याच्या चेहऱ्यावर आली आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"हो, बघितला," ते आईला म्हणाले. "छान उतरले." आणि बाकावर सरकून त्यांनी जागा करून दिली.

भोवऱ्याने आईला बसवलं, बायकोला बसवलं, आणि त्यांच्यावर ऊन येत होतं त्या बाजूला आपण उभा राहिला.