वायरीएवढं घर

आईची चार्जिंगची वायर दर आठवड्याला वीतभर आखूड होत होती आणि घर तिच्या मापानं आवळत चाललं होतं. आधी गच्ची गेली. मग मागची खोली. आता पोळ्या लाटताना शैलाचं कोपर आईच्या खुर्चीला लागे आणि झोपताना पाय दाराबाहेर, जिन्यावर ठेवावे लागत.

आईची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिची सगळी नोकरी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. तारांची तिला सवय होती. काळजी होती ती बॅटरीची. बॅटरी फुगली होती. सकाळभर चार्ज केली तरी आई आमटीभातापर्यंत पोचायची, ताकापर्यंत टिकायची नाही. म्हणून ती कायम भिंतीतल्या बोर्डाला जोडलेली असे. लाईट गेली की वाक्याच्या मध्येच थांबे, आणि लाईट आल्यावर भलत्याच वाक्यापासून सुरू होई.

चौकात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुजावरांना शैलानं एकदा घरी बोलावलं होतं. त्यांनी आईच्या पाठीवर बोटांनी वाजवून पाहिलं.

"ही चिकटवून बंद केलीय, ताई. उघडली तर फुटेल."

"मग करायचं काय?"

"नवी आई घ्या. सगळे तेच करतात."

"हिच्यातलं सगळं नव्या आईत येईल?"

मुजावरांनी आईच्या पाठीवरून हात काढला. "फोटो येतील," ते म्हणाले.

शैलानं त्यांना चहा दिला आणि जाऊ दिलं. त्यानंतर लाईट गेली की ती आईचा हात धरून बसायची.

मग सरकारचा नियम आला. तो मोबाईलसाठी केलेला होता, पण त्यात लिहिलं होतं की चार्जिंगवर चालणाऱ्या कशाचीही बॅटरी ज्याची त्याला, हत्याराशिवाय, बदलता आली पाहिजे. नियम लागू झाला त्या सकाळी आईच्या पाठीला तेल लावताना शैलाच्या नखाला खाच लागली. दोन खांद्यांच्या मधोमध बारीक रेघ होती. काल ती नव्हती.

शैलानं फोन केला तसे मुजावर नवी बॅटरी रुमालात गुंडाळून पळतच आले. आत मावणं शक्य नव्हतं, म्हणून ते जिन्यावरच, खिडकीशी उभे राहिले.

"तुम्हीच काढा ना," शैला म्हणाली.

"मालकानंच काढायची असते."

"मी मालक नाही. मी मुलगी आहे."

मुजावरांनी विचार केला. "चालेल," ते म्हणाले.

शैला आईच्या कानाशी वाकली. "आई, तुला थोडा वेळ बंद करावं लागेल."

"गॅस बंद केलास?"

"केला."

"मग कर."

झाकण टक् करून निघालं. बॅटरी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम होती, तशीच फुगलेली. ती हातात आली आणि आईचे डोळे उघडे असूनही कुठंच पाहीनासे झाले. मापायला काहीच उरलं नाही तसं घर आणखी आत आलं. भिंती शैलाच्या खांद्यांना टेकल्या. नवी बॅटरी आधी उलटी बसली. तिनं ती फिरवली आणि झाकण दाबलं.

काहीच झालं नाही.

"थांबा," खिडकीतून मुजावर म्हणाले. "पहिल्यांदा वेळ लागतो."

"...आणि म्हणून तुझे बाबा अर्ध्या वाटेतून परत आले," आई म्हणाली, "छत्री न्यायला नाही, तुला बघायला."

ते वाक्य कधी तुटलं होतं ते शैलाला आठवेना. पण ते आता पुरं झालं होतं. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं.

आईनं स्वतःच बोर्डातली पिन उपसली. उठून उभी राहिली. समोरची भिंत अदबीनं मागे सरली. आई चालू लागली तशी फरशी तिच्यापुढे वाढत गेली. मागची खोली आली, गच्ची आली, मग शैलानं कधीही न पाहिलेला लांबच लांब व्हरांडा आला. शैलाचे खांदे मोकळे झाले. किती दिवसांनी तिनं पोटभर श्वास घेतला.

"शैला," लांबून हाक आली, "इथं पुढं समुद्र आहे."

"आई, मिरजेत समुद्र नाही."

"नसेल," आई म्हणाली. व्हरांड्याच्या टोकाशी ती आता बोटाएवढी दिसत होती, आणि दोन्ही हातांनी तिनं साडीच्या निऱ्या घोट्यावर उचलून धरल्या होत्या.