सोन्याची तार

गुणाजी सोनारानं सोन्याची तार समईच्या ज्योतीतून काढली, रतनच्या मांडीवरच्या बाळाच्या कानाची पाळी चिमटीत धरली, आणि तो थांबला. मान वर करून त्यानं रतनच्या आईकडे, नीराबाईकडे पाहिलं.

"टोचू ना?"

"टोच की! बारशाला न्हाय, तर काय लग्नात टोचतोस?" रतनची सासू ठमाबाई हसली. ती सकाळच्या भरतीला नागावहून होडीनं काशीदला आली होती; नातवाच्या बारशाला, आणि धाकट्या लेकासाठी रतनच्या बहिणीची, कमळची, सुपारी फोडायला. "आमच्या घरचं रक्त हाय. रडायचाबी न्हाय."

नीराबाईची नजर तारेवरच होती.

याच गुणाजीनं तिच्या थोरल्या लेकाचे, शिवदासचे कान टोचले होते. दोन दिवस हळद दाबून धरली, तरी पाळीतून रक्त पाझरतच राहिलं. तेव्हा पोर वाचलं. पुढं दुधाचा दात पडला, आणि दातामागून तेही गेलं. एकोणतीस सालच्या श्रावणात धाकट्या लेकाचा, सदूचा पाय कालवाच्या शिंपेनं कापला; तोही गेला. त्यांच्याही आधी तिचा मामा असाच गेला. गावाला दर वेळी ताप सांगितला. लेकींना मात्र कधी काही झालं नाही. कोयत्यानं बोट कापलं तरी त्या चिंधी बांधून हसायच्या. आईकडून लेकीकडे नथ यावी तसं हे न थांबणारं रक्त घरात आलं होतं. ल्याल्या लेकी, मोल दिलं लेकांनी.

परसात कमळ हिरवं लुगडं नेसून पाणी शेंदत होती. रहाटाच्या लयीत काहीतरी गुणगुणत होती.

तार पाळीला टेकली.

"थांब," नीराबाई म्हणाली. "नवस हाय माझा. पोराला टोचायचं न्हाय."

"नवस? कुनाला?" ठमाबाईनं विचारलं.

"आईला. एकवीरेला."

कुणी सांगायच्या आधीच गुणाजीनं तार फडक्यात गुंडाळली. त्याच्या कपाळावर घाम होता. ठमाबाई त्या घामाकडे बघत राहिली, मग नीराबाईकडे. तिचं हसू हळूहळू विझलं.

"विहीणबाई, तुमचे दोघं लेक तापानंच गेले न्हवं?"

नीराबाईची नजर परसाकडे गेली. ठमाबाईचीही तिच्या मागून गेली.

"कमळच्या पोरांनाबी ह्योच नवस लागंल?"

रतननं बाळाला पदराखाली ओढलं. न्हाय, एवढंच नीराबाईनं म्हणायचं होतं. एका श्वासाचं काम. पण मग ती तार पुन्हा फडक्यातून निघाली असती.

"व्हय," नीराबाई म्हणाली.

ठमाबाई उठली. बाळाचं दुपटं तिनं नीट खोचलं, रतनच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ह्याला जपू आपन," ती म्हणाली.

इतक्यात पदर सावरत कमळ पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. चेहरा लाजेनं फुललेला. ठमाबाईनं तिला डोळे भरून पाहिलं.

"तहान न्हाय मला, पोरी," ती फार मायेनं म्हणाली, आणि सुपारी न फोडताच दारात जाऊन तिनं होडीवाल्याला हाक मारली.