आपत्ती काही नाही

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतलं घर विकून शांताताई थाटीपूरला राहायला आल्या, त्याला आठ महिने झाले. किल्ल्या गेल्या, दारावरची पाटी गेली, पण घराचा विमा काही पिच्छा सोडेना. मोबाइलवर निरोप आला की सोमवारी पॉलिसीचं आपोआप नूतनीकरण होणार, हप्ता खात्यातून कापला जाणार.

"झोपा काढणार नवे मालक, आणि त्यांच्या छपराला पहारा माझा," शांताताई म्हणाल्या.

मुलाने, समरजीतने, हात पुढे केला. "आई, फोन दे. बँकेचं, विम्याचं सगळं माझ्या नंबरवर घेतो. तुला नाही जमायचं."

हे टुमणं त्याने घर विकल्यापासून लावलं होतं. शांताताई चौथी शिकलेल्या, पण गिऱ्हाइकाला घाम फोडून घर विकलं ते त्यांनीच. आता खातं मुलाच्या फोनवर गेलं तर उद्या लुगड्यालासुद्धा त्याच्यापाशी ओटीपी मागत बसायचं.

"संध्याकाळपर्यंत बंद करून दाखवते," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर ने फोन."

समरजीत कामावर गेला तसा त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग गरिमा नावाची मुलगी आली. आवाज पाकात घोळलेला.

"अम्माजी, आपकी पॉलिसी का नवीनीकरण हो रहा है. आपको कोई आपत्ति है?"

शांताताईंना बरं वाटलं. विम्याची माणसं आधी संकटाचंच विचारणार. आहे म्हणावं, तर भरपाई मागायला आलेली बाई समजून तासभर उलटतपासणी.

"नहीं बेटी, आपत्ति-बिपत्ति कुछ नहीं. भगवान की दया है. पर मैं ये कह रही थी कि..."

"धन्यवाद, अम्माजी." फोन बंद.

मिनिटभरात निरोप आला. सुनेने, शिखाने, तो वाचला आणि हसू दाबलं. "आईसाहेब, तुमची संमती नोंदवलीय. विमा पक्का."

"मी कधी दिली संमती?"

"हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. तिने विचारलं हरकत आहे का, तुम्ही म्हणालात कुछ नहीं."

"मग संकटाला काय म्हणतात हे लोक?"

"त्यालाही आपत्तिच."

"काय दरिद्रीपणा. दोघांत एक शब्द."

जन्म ग्वाल्हेरात गेला. भाजीवाल्याशी, शेजारणीशी भांडायला त्यांची हिंदी कधी कमी पडली नव्हती. पण तिथे हरकतीला सगळे ऐतराज म्हणत. ही कागदावरची हिंदी त्यांच्या वाटेला कधी आलीच नव्हती.

"मी बोलू का?" शिखाने विचारलं.

"तू बस. तोंड माझं आहे."

पुन्हा फोन लावला, आणि त्याच मुलीला बोलवा म्हणून अडून बसल्या. गरिमा आली.

"बेटी, आपत्ति है. पूरी आपत्ति है. घर मैंने बेच दिया. बिके घर का बीमा किस बात का?"

"अम्माजी, ये पहले बताना था."

"बताने कहाँ दिया? मैं बोल रही थी, तुम धन्यवाद करके चल दीं."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग पाक थोडा पातळ झाला. "रजिस्ट्री की फोटो भेज दीजिए. आज ही रद्द करवाती हूँ."

शांताताईंनी कपाटातून विक्रीचे कागद काढले. शिखाने फोटो काढले, पण पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. चार वाजता विमा रद्द झाल्याचा निरोप आला.

संध्याकाळी समरजीतने तो दोनदा वाचला. "एका फोनमध्ये झालं?"

शिखा चहा गाळत राहिली. ती बोलणार नव्हती हे शांताताईंना दिसलं. पण सुनेच्या गप्प राहण्याचं ओझं जन्मभर कोण वाहणार?

"दोन," त्या म्हणाल्या. "पहिल्यात शब्द कळला नाही, विमा पक्का करून बसले. दुसऱ्यात मोडला. तुझ्या गाडीच्या विम्याचं काम होतं, तेव्हा किती फोन केले होतेस?"

समरजीत आठवायला लागला.

"सात," शिखा म्हणाली. "आणि तरी झालं नाही."

त्याने फोन आईच्या हातात परत दिला. शांताताईंनी तो चार्जिंगला लावला, आपल्या उशाशी. "हातपाय धुऊन घे," त्या म्हणाल्या. "पोहे गार होतायत."